डिसॅबिलिटी पेन्शनचा (सैन्यातील सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठीच्या निवृत्तिवेतनाचा) दावा फेटाळला गेला आहे. आता अपील करता येईल का?

सैनिकपुत्र
माझे वडील भूदलातून हवालदार या हुद्द्यावरून 2017 मध्ये पूर्ण सेवेनंतर निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने त्यांचे उच्च रक्तदाबामुळे आलेले अपंगत्व 30 टक्के व आजीवन असे नोंदवले, परंतु हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. त्यामुळे त्यांना फक्त सेवेचे निवृत्तिवेतन मिळते. दावा नामंजूर झाल्याचे पत्र आल्यावर त्यांनी अपील केले नाही. आता काही करता येईल का? जिल्हा रुग्णालयाकडून दिव्यांग प्रमाणपत्र घेतल्यास दाव्याला बळ मिळेल का?

निवृत्त सुभेदार (लिपिक)
प्रमाणपत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ते 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील नागरी सवलतींसाठी असते आणि तेथे साधारणपणे 40 टक्क्यांची अट असते; लष्करी पेन्शनमध्ये किमान 20 टक्के पुरतात, पण टक्केवारी आणि सेवेशी असलेला संबंध या दोन्ही गोष्टी लष्करी वैद्यकीय मंडळाच्या कागदांवरूनच ठरतात. म्हणून रेकॉर्ड ऑफिसकडे (सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडे) अर्ज करून मंडळाच्या कार्यवाहीची संपूर्ण प्रत मागवावी. आजार प्रथम कोणत्या ठिकाणी आणि कधी आढळला, भरतीच्या वेळी त्याची नोंद होती का आणि नकाराचे कारण कोणत्या शब्दांत दिले आहे, हे त्यात बारकाईने पाहावे. अनेक अपिलांत कुटुंबाच्या हलाखीचे वर्णन पानभर असते आणि मंडळाच्या कारणाला मात्र एका ओळीचेही उत्तर नसते.

न्यायाधिकरणात वकिली करणारा
वरील सल्ल्याशी सहमत आहे. धरमवीर सिंह प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, आणि तो आजार भरतीच्या वेळी का ओळखता आला नसता याची कारणे मंडळाने लिहावीत. मात्र हे गृहीतक यांत्रिकपणे लागू होत नाही, हे 2019 च्या नरसिंह यादव प्रकरणात दिसले. त्यामुळे केवळ निकालाचे नाव लिहून भागत नाही.

पहिल्या अपिलाची मुदत नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांची होती, ती उलटली आहे. तरीही विलंबाचे कारण देऊन अपील करावे. तेही फेटाळले गेल्यास दुसरे अपील आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा मार्ग आहे. दावा मान्य झाल्यास 2014 च्या राम अवतार निकालाप्रमाणे 30 टक्के अपंगत्व हे 50 टक्के धरले जाते. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के हा दर असल्याने वेतनाच्या 9 ऐवजी 15 टक्के मिळतील. निवृत्ती 2017 ची असल्याने या पेन्शनचे सप्टेंबर 2023 चे नवे, अधिक कडक नियम आपल्या वडिलांना लागू होत नाहीत, ही जमेची बाजू आहे.

सैनिकपुत्र
आपणा दोघांचे आभार. वडील सांगतात की, अतिउंचावरील चौकीतून परतून ते शांतता क्षेत्रातील (सीमेपासून व मोहिमांपासून दूरच्या ठाण्यातील) तुकडीत रुजू झाले आणि त्यानंतर काही महिन्यांनी रक्तदाब आढळला. मंडळाने नकाराचे कारण म्हणून ‘शांतता क्षेत्रात उद्भव’ एवढेच लिहिले होते, असे त्यांना आठवते.

निवृत्त सुभेदार (लिपिक)
मग अपिलाचा सारा भर तेथेच द्यावा. लष्करी पेन्शनबाबत वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत फील्ड (मोहिमांच्या) व अतिउंच भागांतील सेवेत उद्भवलेल्या रक्तदाबाचा विशेष विचार आहे. आजार निदानाच्या दिवशीच सुरू होतो असे नाही; म्हणून बदल्यांचा तपशील आणि चौकीवर जाण्यापूर्वीच्या व नंतरच्या वार्षिक वैद्यकीय तपासण्यांतील रक्तदाबाच्या व वजनाच्या नोंदी एकत्र जोडाव्यात. वजन वाढल्याची नोंद असेल तर तीही लपवू नये, कारण ती मंडळाकडे आधीच आहे. अर्जाचा मसुदा तपासून घेण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथे त्यासाठी शुल्क पडत नाही.