मदत हवी आहे: आईच्या डायलिसिसची पिशवी गढूळ आली

आम्ही इंदूरला, सुदामानगरात. आईचं पोटाचं डायलिसिस घरीच चालतं, म्हणजे नळीने पोटात औषधी पाणी सोडायचं आणि काही तासांनी काढून घ्यायचं; दिवसाला 2 लिटरच्या चार पिशव्या. परवा सकाळी निघालेलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं! एरवी पिशवीखाली पेपर धरला तर अक्षरं वाचता येतात, परवा मथळाही दिसेना. ताप नव्हता, पोट मात्र दुखत होतं. पिशवी न फेकता तशीच घेऊन दवाखाना गाठला. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 100 च्या खूप वर, म्हणजे पेरिटोनायटिस, पोटाच्या आतल्या अस्तराला झालेला संसर्ग. अँटिबायोटिक पिशवीतूनच चालू आहे.

चूक बहुधा माझीच; नळी जोडताना पंखा चालू राहिला होता, वाऱ्याने जंतू आत गेले असतील. इथे कुणी घरी हे करतं का? एकदा येऊन माझे हात धुण्यापासून नळी जोडेपर्यंत सगळं बघाल? पोहे-जिलेबी माझ्याकडून.