मदत हवी आहे : मतदार नोंदणीच्या अर्जात डेमोक्रॅटिक लिहावे की रिपब्लिकन?

शर्वरी_के

नमस्कार. मतदार नोंदणीचा अर्ज अर्धवट भरून समोर पडला आहे आणि 'राजकीय पक्ष' या रकान्यापाशी मी अडले आहे. अमेरिकेतल्या या दोन पक्षांत नेमका फरक काय, हे कोणी नीट सांगेल का? रिपब्लिकन म्हणजे कमी कर आणि डेमोक्रॅट म्हणजे जास्त सरकारी योजना, एवढे मला ठाऊक आहे, त्यामुळे कृपया तेच पुन्हा लिहू नये. करांच्या बाबतीत मला एका पक्षाचे पटते, आरोग्य विमा आणि गर्भपात या प्रश्नांवर दुसऱ्याचे पटते, आणि इमिग्रेशनबद्दल दोघांचेही म्हणणे दर निवडणुकीला बदलते असे वाटते. आमचे यजमान म्हणतात, काहीही लिही, फरक पडत नाही. फरक पडत नसेल तर रकाना कशासाठी ठेवला आहे? मुदत जवळ आली आहे, तेव्हा उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल.

प्रभंजन

आपण कोणत्या राज्यात राहता ते लिहिलेले नाही. टेक्सास, व्हर्जिनिया, जॉर्जिया, मिशिगन अशा राज्यांत नोंदणी करताना पक्ष विचारतच नाहीत, म्हणजे ही राज्ये वगळता येतील. उरलेल्यांपैकी कोणते, ते कळल्याशिवाय उपयोगी उत्तर देता येणार नाही.

दक्ष_नागरिक

राज्याच्याही आधी एक प्रश्न आहे. नागरिकत्व मिळाले आहे का? ग्रीन कार्डावर असताना मतदार म्हणून नाव नोंदवणे, मग ते अनवधानाने का असेना, पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी फार महागात पडू शकते, आणि काही प्रकरणांत देश सोडण्याची वेळही येऊ शकते. वाहन परवान्याच्या कार्यालयातही ही नोंदणी होते, म्हणून तिथे समोर येईल त्या कागदावर सही करू नये, हे मी सर्वांना सांगत असतो.

शर्वरी_के

नागरिक नसते तर हा अर्ज कशाला भरला असता? शपथविधी झाला, त्याच सभागृहात अर्ज हाती पडला. राज्याशी याचा काय संबंध ते मात्र समजले नाही. पक्ष तर देशभर तेच दोन आहेत ना?

आबा_सातारकर

ताई, मी पस्तीस वर्षे न्यू जर्सीत काढून आता साताऱ्यात परतलो आहे, म्हणून अनुभवाचे सांगतो. 1971 मध्ये बांगलादेशाच्या युद्धात ज्यांनी बंगालच्या उपसागरात आरमार पाठवले ते निक्सन रिपब्लिकन होते, आणि निर्वासितांच्या छावण्या पाहायला जे भारतात आले ते एडवर्ड केनेडी डेमोक्रॅट होते. आपल्या माणसाने यापेक्षा अधिक विचार करण्याची गरज नाही.

हिशेबी_माणूस

आबा, मग 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर भारतावर निर्बंध लादणारे क्लिंटन कोणत्या पक्षाचे होते, आणि 2008 चा अणुकरार तडीस नेणारे धाकटे बुश कोणत्या, हेही सांगावे. भारताशी संबंध कसे राहतील ते त्या त्या वेळच्या हितसंबंधांवर ठरत आले आहे. त्यावरून पक्ष निवडणे म्हणजे जावयाच्या काकांकडे पाहून मुलगी देणे.

शर्वरीताईंचा प्रश्न करांचा आहे, म्हणून त्यावर बोलतो. कमी कर विरुद्ध जास्त कर ही मांडणी अपुरी आहे. 2017 च्या कायद्याने रिपब्लिकन पक्षाने कंपन्यांवरील कर 35 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आणला आणि व्यक्तींचा सर्वोच्च दर 39.6 वरून 37 टक्के केला, पण त्याच कायद्याने राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर 10,000 डॉलरची मर्यादा घातली, ज्याचा फटका न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियातील घरमालकांना बसला. गंमत अशी की ही मर्यादा वाढवून मागण्यात पुढे राहिले ते बहुतांशी डेमोक्रॅट आणि त्या राज्यांतले मोजके रिपब्लिकन, म्हणजे बऱ्यापैकी कमावणाऱ्यांची करकपात मागणारे डेमोक्रॅटच होते. 2025 मध्ये रिपब्लिकन बहुमताने केलेल्या कायद्यात ती मर्यादा 40,000 डॉलरपर्यंत नेण्यात आली. तुमचे उत्पन्न पगाराचे आहे की व्यवसायाचे, आणि घर स्वतःचे आहे का, हे सांगितल्यास हिशेब मांडून देता येईल.

शर्वरी_के

मी हिशेब मागितलेला नाही, फरक विचारला आहे. तरीही सांगते : आमचा लहानसा व्यवसाय आहे, घर स्वतःचे आहे, आरोग्य विमा आम्ही स्वतःच बाजारातून घेतो, आणि मुलगी कॉलेजात आहे. राज्य पेनसिल्व्हेनिया, बक्स काउंटी. आता तरी कोणी सरळ उत्तर देईल का?

प्रभंजन

आता देता येते, आणि राज्य का विचारले तेही स्पष्ट होईल. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, बंद पद्धतीची आहे. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांनाच डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडता येतो आणि रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्यांनाच रिपब्लिकन पक्षाचा. त्या रकान्यातील उत्तराचा अर्थ एवढाच. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत आपण कोणालाही मत देऊ शकता, आणि ते मत गुप्तच राहते. 'कोणताही पक्ष नाही' असे लिहिल्यास प्रायमरीत उमेदवारांसाठी मत देता येत नाही, मात्र त्याच दिवशी घटनादुरुस्तीसारखा एखादा प्रश्न मतदारांपुढे ठेवलेला असेल तर त्यावर मत देता येते. शेजारच्या न्यू जर्सीत पक्ष न लिहिलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो, पेनसिल्व्हेनियात ती सोय नाही.

भारतात पक्षाचे सदस्य होणे म्हणजे जे असते, ते हे नव्हे. वर्गणी नाही, कार्यकर्ता म्हणून काम नाही, आणि पक्षाला आपल्याला काढून टाकताही येत नाही. मुख्य फरक पुढेच आहे. आपल्याकडे उमेदवारीसाठी शेवटच्या रात्रीपर्यंत पक्षश्रेष्ठींच्या एबी फॉर्मची वाट पाहावी लागते, इथे तो एबी फॉर्म मतदारच प्रायमरीत देतात. म्हणूनच पक्ष कसा आहे हे फार करून त्याच्या प्रायमरीचे मतदार ठरवतात, आणि म्हणूनच दर आठ-दहा वर्षांनी पक्षांचा चेहरा बदललेला दिसतो.

इतिहासवेडा

याला मी अनुमोदन देतो आणि थोडी भर घालतो, कारण पक्षांचा मूळ स्वभाव समजल्याशिवाय रकाना भरणे योग्य नव्हे. रिपब्लिकन पक्ष 1854 मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी स्थापन झाला आणि लिंकन त्याचेच होते. दक्षिणेत गुलामगिरीचे आणि पुढे वर्णभेदाचे समर्थन करणारे बहुतेक पुढारी डेमोक्रॅट होते. 1964 च्या नागरी हक्क कायद्याला सिनेटमध्ये 33 पैकी 27 रिपब्लिकन सदस्यांनी पाठिंबा दिला, तर डेमोक्रॅटांपैकी 67 पैकी 46 जणांनी. समतेचा पक्ष कोणता, ते या आकड्यांवरून ठरवावे.

मुग्धा_वाचते

अर्धाच इतिहास सांगितला तर तो दिशाभूल करतो. त्या कायद्यावर सही करणारे जॉन्सन डेमोक्रॅट होते, आणि विरोधात मत देणाऱ्या सहा रिपब्लिकन सिनेटरांपैकी बॅरी गोल्डवॉटर यांनाच पक्षाने त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. गोल्डवॉटर सपाटून हरले, पण स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांनी जिंकलेली पाचही राज्ये खोल दक्षिणेतील होती. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले, आणि पुढच्या तीन दशकांत गोऱ्या दक्षिणेचा मोठा भाग त्यांच्यामागे गेला. कृष्णवर्णीय मतदार तर 1930 च्या दशकात रूझवेल्ट यांच्या काळापासूनच डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळू लागले होते. आजच्या अर्जासाठी लिंकनचा दाखला उपयोगाचा नाही. आजचे उदाहरण हवे असेल तर शेजारचे वेस्ट व्हर्जिनिया पाहावे. खाणकामगारांचे हे राज्य 1988 मध्ये पराभूत झालेले डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस यांच्याही बाजूने होते, आणि 2000 पासून प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवाराला मिळाले आहे. उलट फिलाडेल्फियाभोवतीची सुशिक्षित, सुस्थित उपनगरे, जी एकेकाळी रिपब्लिकन पक्षाचा भरवसा होती, ती डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकली. कामगारांचा पक्ष आणि श्रीमंतांचा पक्ष ही जुनी विभागणी आता पदवी असलेले आणि नसलेले अशा विभागणीत बरीच मिसळून गेली आहे.

शर्वरी_के

इतिहास रंजक आहे, पण माझा आरोग्य विमा 1964 मध्ये नव्हता. विमा, गर्भपात आणि इमिग्रेशन यांवर आज काय फरक आहे?

मुग्धा_वाचते

विम्यावर फरक सर्वांत स्पष्ट आहे. मुलीला 26 वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येते ते 2010 च्या कायद्यामुळे, आणि तो काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, अंतिम मंजुरी मिळताना एकाही रिपब्लिकन सदस्याच्या मताविना मंजूर झाला. 2017 मध्ये तो मोडीत काढण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 असा फसला, कारण मॅकेन, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या तीन रिपब्लिकन सदस्यांनी पक्षाविरुद्ध मत दिले. स्वतः विमा घेणाऱ्यांना मिळणारे वाढीव अनुदान 2025 अखेर संपत होते. ते चालू ठेवावे म्हणून डेमोक्रॅट अडून बसले आणि त्या वर्षी सरकारी कामकाज 43 दिवस बंद राहिले, तरी अनुदानाची मुदत वाढली नाही. सरकारने पैसे घालून विमा परवडेल असा करावा, असे डेमोक्रॅटांचे म्हणणे आहे. त्याने खर्च लपतो, कमी होत नाही, आणि भार करदात्यावर येतो, असे रिपब्लिकनांचे म्हणणे आहे.

गर्भपाताचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या डॉब्स निकालानंतर राज्यांकडे गेला. पेनसिल्व्हेनियात साधारण चोवीस आठवड्यांची कायदेशीर मर्यादा आहे, आणि ती राहील की नाही हे राज्याचे विधानमंडळ, गव्हर्नर आणि राज्याचे सर्वोच्च न्यायालय ठरवतील. त्या न्यायालयाचे न्यायाधीशही तिथे पक्षाच्या नावावर निवडून येतात, हे आपल्याकडच्या लोकांना खरे वाटत नाही.

दक्ष_नागरिक

इमिग्रेशनवर मी सांगतो. बेकायदा येणाऱ्यांवर कडक कारवाई हा आज रिपब्लिकन पक्षाचा गाभा आहे, आणि दीर्घकाळ राहणाऱ्यांना कायदेशीर वाट द्यावी असा डेमोक्रॅटांचा कल आहे. पण रेगन यांनी 1986 मध्ये सही केलेल्या कायद्याने सुमारे 27 लाख लोक कायदेशीर झाले, हे विसरू नये. ज्याने आपले लोक हैराण आहेत ती ग्रीन कार्डाची दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा दोन्ही पक्षांनी तशीच ठेवली आहे. नोकरीवर आधारित व्हिसांसाठी ती काढण्याचे विधेयक 2019 मध्ये प्रतिनिधिगृहात 365 मतांनी मंजूर झाले, त्यात दोन्ही पक्षांचे सदस्य होते, तरी त्याचा कायदा झाला नाही. 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले ते मात्र ट्रम्प यांच्या आदेशाने. मुळात भारतीयांना इथले नागरिक होण्याचा हक्क 1946 च्या ज्या कायद्याने मिळाला, तो रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर यांनी मिळून मांडला होता.

आबा_सातारकर

आपले श्री ठाणेदार डेमोक्रॅट आहेत, हे कोणीच कसे लिहिले नाही? बेळगावात वाढलेला माणूस डेट्रॉइटमधून 2022 मध्ये काँग्रेसवर निवडून गेला.

हिशेबी_माणूस

आबा, ठाणेदार मिशिगनचे आहेत आणि ताईंना त्यांना मत देता येणार नाही. पण उदाहरण उपयोगी आहे. डेट्रॉइटमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक जवळजवळ औपचारिकता उरते. फिलाडेल्फिया शहरातही तेच, तिथे 1952 नंतर रिपब्लिकन महापौर झालेला नाही. शहरात राहणाऱ्याला मी डोळे झाकून सांगितले असते की डेमोक्रॅटिक लिहा आणि प्रायमरीत मत द्या, मग विचार कोणतेही असोत.

मुग्धा_वाचते

हा सल्ला मला पटत नाही. ज्या पक्षाची धोरणे मान्य नाहीत त्याचे उमेदवार निवडायला जाणे हे त्या पक्षाच्या मतदारांवर अन्याय करणारे आहे.

हिशेबी_माणूस

जिथे निर्णय होतो तिथे मतदाराने हजर राहणे यात मला अन्याय दिसत नाही. बंद प्रायमरी हा पक्षांनी स्वतःसाठी केलेला नियम आहे.

प्रभंजन

हा वाद बक्स काउंटीला लागू पडत नाही, कारण तिथे दोन्ही पक्षांत खरी चुरस असते. तिथले काँग्रेस सदस्य ब्रायन फिट्झपॅट्रिक रिपब्लिकन आहेत, तर 2024 मध्ये त्याच मतदारसंघात राष्ट्राध्यक्षपदासाठी कमला हॅरिस पुढे होत्या. 2025 च्या मोठ्या कर कायद्यावरील अंतिम मतदानात फिट्झपॅट्रिक यांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिले. इथे पक्षांतरबंदीचा कायदा नसल्यामुळे व्हिप झुगारणाऱ्याचे सदस्यत्व जात नाही, आणि त्यामुळे कोणत्या पक्षाचा याच्याइतकेच कोणत्या प्रकारचा हेही महत्त्वाचे ठरते.

करांबद्दल एक राहिले. पेनसिल्व्हेनियात राज्याचा प्राप्तिकर सर्वांना सरसकट 3.07 टक्के आहे. घरमालकाला जाणवतो तो शाळांसाठीचा मालमत्ता कर, आणि तो स्थानिक शाळा मंडळ ठरवते. शाळा मंडळाच्या उमेदवारांना दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत एकाच वेळी उभे राहता येते, म्हणजे तुमच्या खिशावर सर्वाधिक परिणाम करणारी माणसे दोन्ही मतपत्रिकांवर दिसण्याचा संभव असतो. पक्ष न लिहिल्यास मात्र त्या फेरीत तुम्हाला काहीच म्हणता येणार नाही.

शर्वरी_के

हे मला पहिल्या उत्तरात हवे होते. म्हणजे दोन्हींपैकी एक लिहायचा, आणि ज्या पक्षात माझ्या मताचे उमेदवार कमी पडत आहेत असे वाटते तिथे जाऊन ते निवडायचे. शेवटचे दोन प्रश्न : यजमानांनी एक पक्ष लिहिला आहे आणि मी दुसरा लिहिला तर चालेल का, आणि पुढे बदलता येतो का?

प्रभंजन

एकाच घरात दोन पक्ष असण्यात काहीही अडचण नाही. बदलही करता येतो. त्यासाठी हाच अर्ज पुन्हा भरायचा, पण प्रायमरीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी एरवी मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी असते आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षी एप्रिलच्या चौथ्या मंगळवारी. टपालाने पाठवणार असाल तर अर्ज मुदतीच्या आत काउंटी कार्यालयात पोहोचलेला असला पाहिजे, पाकिटावरचा शिक्का धरत नाहीत. त्यापेक्षा ऑनलाइन भरावा.

शर्वरी_के

ऑनलाइन भरला. कोणता पक्ष लिहिला ते इथे सांगत नाही.

दक्ष_नागरिक

मत गुप्त असते, नोंदवलेला पक्ष गुप्त नसतो. मतदार यादी नाममात्र शुल्क भरून मिळवता येते, आणि दोन्ही पक्षांचे प्रचारक ती घेतात. टपालपेटी आजच रिकामी करून ठेवा.