मदत हवी आहे: चॅनेलमधल्या ठोकळ्यामागे फ्लो परत भिंतीला चिकटतच नाहीये लवकर

मंडळी, दोन आठवडे झाले डोकं फोडतोय. कॉम्प्युटरवर फ्लोचं सिम्युलेशन करतोय: चॅनेलच्या तळाला एक घनाकृती (क्यूब) ठोकळा आहे, उंची चॅनेलच्या बरोबर निम्मी, रेनॉल्ड्स नंबर (फ्लोचा वेग, आकार आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) ठोकळ्याच्या उंचीवरून ४०,००० आणि स्टेडी रॅन्स (वेळेनुसार न बदलणारा, सरासरी फ्लो काढणारी पद्धत), त्यात टर्ब्युलन्ससाठी साधं के-एप्सिलॉन मॉडेल लावून चालवतोय. प्रयोगात फ्लो ठोकळ्यामागे त्याच्या उंचीच्या साधारण १.६ पट अंतरावर परत तळाच्या भिंतीला चिकटतो, माझा मात्र २.२ च्या पुढे जातोय. मेश (गणिताची जाळी) दुप्पट बारीक करून पाहिली, ढिम्म फरक नाही.

गंमत म्हणजे मागच्या पायरीच्या केसमध्ये (म्हणजे तळ अचानक खाली जातो ती) हेच मॉडेल उलटं वागलं, तिथे ६-७ पायरी-उंची यायला हवी तर ५ च्या आसपासच आली. मग एकदा कमी आणि एकदा जास्त, हे कसं काय बुवा?

मला वाटतं ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी भोवरे आळीपाळीने सुटतात, त्यांच्यामुळे मागे मिक्सिंग वाढतं आणि बबल (ठोकळ्यामागचा उलट फिरणाऱ्या फ्लोचा भाग) आखूड होतो, पण स्टेडी सोल्यूशनमध्ये ते सुटणं दिसतच नाही म्हणून लांबतो, बरोबर का? तसं असेल तर अनस्टेडी (वेळेनुसार बदलणाऱ्या) रॅन्सने भागेल की थेट एलईएसच (मोठे भोवरे थेट सोडवणारी, जड पद्धत) करायला लागेल? मशीन साधंच आहे हो. शिवाय ठोकळ्याच्या पुढच्या तोंडाशी टर्ब्युलन्स एनर्जी भलतीच जास्त दिसतेय, ती मॉडेलची जुनी खोड की माझ्या इनलेटची (फ्लो आत येतो तिथल्या अटींची) चूक? कोणी केलंय का हे?