ट्युलिप नक्की कुणाचं? आणि तो लांडगा?

रानवारा: लोकहो, ट्युलिप म्हटलं की आपल्याला हॉलंड आठवतं, पण इस्तंबूलच्या फोटोंत टाइल्सवर, गालिच्यांवर जिथे तिथे तेच फूल, हे काय प्रकरण आहे? आणि लांडगा तुर्कांचं चिन्ह आहे म्हणतात, खरं का?

चकवा: अहो, हॉलंडला ते गेलंच मुळी ऑटोमन, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्यातून, १६व्या शतकात. तिकडे १७१८ ते १७३० ला ट्युलिप काळच म्हणतात, कंदांचे भाव असे भडकले की सरकारला दर बांधून द्यावे लागले! तुर्कीतल्या इझनिक गावच्या जुन्या टाइल्स झूम करून बघा, पाकळ्या एकदम निमुळत्या, टोकदार, आपल्या बुकेतल्यासारख्या गुबगुबीत नाहीत.

टिवल्याबावल्या: लांडगा जुन्या तुर्की दंतकथेतला, आसेना नावाची लांडगीण. पण बोटांनी लांडग्याचं तोंड करायची हाताची खूण आता कट्टर राष्ट्रवाद्यांची झालीय, २०२४ च्या युरो कपमध्ये तुर्कीचा फुटबॉलपटू देमिरालवर त्यापायी दोन मॅचची बंदी आली, तेव्हा फोटो काढताना जरा जपून.

माऊ: लांडगा राहू दे, तुर्कीतल्या वानकडची वान मांजर बघा! पांढरीशुभ्र, बऱ्याचदा एक डोळा निळा नि एक पिवळसर, वान शहरात पुतळाय तिचा. आणि तिथल्याच सिवास भागातला कांगाल जातीचा कुत्रा, मेंढरं राखतो, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात त्याला.

रानवारा: बाप रे, भारीच! वान मांजर गूगल करतोय.