घोळणा सारखा फुटतोय, एकाच नाकपुडीतून

सेलूकर: पोरगं १४ वर्षांचं. डावी नाकपुडी चार महिने बंद, घोळणा फुटला की उशीचा अभ्रा भिजतो. आई उष्णता म्हणून कांदा हुंगवते. स्कॅनमध्ये नाकामागं गाठ निघाली, 'अँजिओफायब्रोमा' म्हणतात. तपासणीला तुकडा का काढंनात?

परभणीची सिस्टर: दादा, ती गाठ रक्तवाहिन्यांचीच. तुकडा काढला तर रक्त आवरत नाही, म्हणून स्कॅनवरच ओळखतात. वयात येणाऱ्या पोरांनाच होते बहुतेक.

सेलूकर: मंग कॅन्सर?

सिस्टर: नाही हो. पण हाड झिजवत डोळ्याकडं, मेंदूकडं सरकते. कापूस वेचणी होऊ द्या, मग ऑपरेशन करू, असं म्हणू नका.

लातूरकर: भाच्याला आदल्या दिवशी मांडीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा तोडला, मग दुर्बिणीनं नाकातूनच काढली. त्याआधी एकानं सहा महिने सर्दीच्याच गोळ्या चारल्या! रक्तदाते आधीच जमवा.