प्रतिसाद: दाराचा सेन्सर सारखा ऑफलाइन जातो

‘लोखंडी सेफ्टी डोअरवरचा झिगबी मल्टिपर्पज सेन्सर दोन दिवसांत ऑफलाइन जातो, सेल नवा टाकूनही फरक नाही’ या प्रश्नाच्या उत्तरांत थोडी भर घालतो. (झिगबी म्हणजे घरातल्या स्मार्ट उपकरणांचं रेडिओ जाळं; हा सेन्सर दार उघडं की बंद, कंप आणि तापमान सांगतो.)

सेलच्या आधी हब, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला जोडलेत ते यंत्र, बघा. डोंगल (हबचा झिगबी रेडिओ) यूएसबी ३.० पोर्टात थेट खोचलेला असेल तर त्या पोर्टाचा रेडिओ गोंगाट झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्‌झवरच येतो. एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल लांब न्या. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. वायफाय चॅनल ११ वर असेल तर झिगबी १५ वर ठेवा. मात्र चॅनल बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतात.

सेलवरचे सेन्सर एकमेकांचा सिग्नल पुढे ढकलत नाहीत. मध्ये झिगबीचा स्मार्ट प्लग हवा, आणि तो कायम चालू हवा. स्मार्ट बल्बवर भिस्त नको. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की मागचा सेन्सर लटकला.

आता दार. सेन्सरसोबतचं चुंबक जवळ आहे की लांब, यावरून दार बंद की उघडं ते कळतं. लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे ओढतं आणि रेडिओलाही आडवं येतं. म्हणून सेन्सर आणि चुंबक, दोन्हींखाली पाच-सहा मिलिमीटरची लाकडी पट्टी द्या. दार बंद असताना दोघांतलं अंतर १० मिलिमीटरच्या आत हवं. धक्का किंवा कंप ओळखायचा असेल तर सेन्सर दारावर, चुंबक चौकटीवर. उलट लावलात तर चौकट हलेल तेवढंच कळेल. टेप लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा.

तापमानाचा आकडा मात्र त्या दाराचा असतो, खोलीचा नव्हे. त्यावर एसी चालवू नका.