चेक-इन सामानाचा टॅग बरोबर लागला आहे, हे काउंटरवरच कसे पडताळावे?

राजारामपुरीची_लेक:

सर्वांना नमस्कार. माझे आई-वडील पुढील महिन्यात भावाकडे लंडनला जाणार आहेत. वडील ७१ वर्षांचे आहेत आणि आई ६६ वर्षांची. उजळाईवाडीहून (म्हणजे कोल्हापूर विमानतळावरून) हैदराबाद आणि तेथून लंडनचे हीथ्रो असा प्रवास असून दोन्ही टप्प्यांची तिकिटे आम्ही वेगवेगळी काढली आहेत. दोघांच्या मिळून चार बॅगा होतील.

विचारण्याचे कारण असे, की गेल्या दिवाळीत हैदराबादहून कोल्हापूरला परतताना वडिलांची बॅग चुकली. उजळाईवाडीला पट्ट्यावर वडिलांच्या नावाचा टॅग असलेली एक काळी बॅग आली, पण ती त्यांची नव्हतीच. शेजारच्या काउंटरवरील प्रवाशाच्या आणि वडिलांच्या बॅगेवरील टॅगांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे वडिलांची बॅग त्या गृहस्थांच्या गावी गेली आणि आम्हाला ती तीन दिवसांनी मिळाली. रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत होत्या. तक्रार लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही आरंभी उलगडा होईना, कारण आमच्या पावतीवरील क्रमांकाची बॅग तर समोर पट्ट्यावरच फिरत होती.

आता दोघेच जाणार असल्यामुळे त्यांनी टॅगवर नेमके काय वाचावे, हे मला त्यांना नीट समजावून सांगायचे आहे. शिवाय उजळाईवाडीला दिलेले सामान थेट लंडनला जाईल, की हैदराबादला ताब्यात घ्यावे लागेल, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

शाहूपुरीकर:

ताई, प्रथम घरीच बॅगांवरचे जुने टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर सोलून काढा. आमच्या घरी एका बॅगेला आधीच्या प्रवासाचा टॅग तसाच लटकत होता, तो काउंटरवरच्या मुलीने पाहिला म्हणून बरे झाले. काउंटरवर टॅग लावताना हँडलजवळ छोटे स्टिकर चिकटवतात, तेही नंतर काढून टाकलेले चांगले. काळ्या बॅगेच्या हँडलला गडद रंगाची, शक्यतो लाल किंवा पिवळी, कापडी पट्टी घट्ट बांधावी, म्हणजे लांबूनही ओळखू येते. मोकळे फीत-गोंडे मात्र लोंबकळू देऊ नयेत, ते पट्ट्यात अडकतात.

निवृत्त_सामान_विभाग:

मी अनेक वर्षे विमानतळावर सामानाच्या विभागात काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी शाहूपुरीकरांच्या एका सूचनेत दुरुस्ती. जुने स्टिकर अवश्य काढावेत, पण या प्रवासाच्या वेळी चिकटवलेले छोटे स्टिकर मुक्कामी पोहोचेपर्यंत मुळीच काढू नयेत. मुख्य टॅग फाटून पडला, तर बॅग कोणाची हे त्या छोट्या स्टिकरवरील क्रमांकावरूनच कळते. जुना आणि नवा असे दोन्ही बारकोड बॅगेवर राहिले, तर यंत्र कोणता वाचेल याचा भरवसा नसतो. म्हणून जुने काढायचे.

आता टॅगविषयी. त्यावर सर्वांत ठळक दिसतात ती तीन रोमन अक्षरे, म्हणजे सामान जेथे उतरवायचे त्या विमानतळाचा संकेत. कोल्हापूरचा केएलएच, हैदराबादचा एचवायडी आणि हीथ्रोचा एलएचआर. लंडनच्याच गॅटविक विमानतळाचा संकेत एलजीडब्ल्यू असा वेगळा आहे आणि आपल्या शेजारच्या गोव्यातही दाबोळीचा जीओआय, तर मोपाचा जीओएक्स आहे. म्हणून केवळ शहराच्या नावावर समाधान न मानता ही तीन अक्षरे तिकिटाशी ताडून पाहावीत. आई-वडिलांना इंग्रजी वाचण्याची सवय नसेल, तर घरीच एका कागदावर ती मोठी लिहून द्या. अक्षरे जुळवून पाहणे त्यांना सहज जमेल.

अक्षरांइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा आहे तो बारकोडखालचा दहा आकडी क्रमांक. त्यातील पहिला आकडा सोडला, तर पुढचे तीन आकडे विमान कंपनीचे असतात आणि शेवटचे सहा त्या बॅगेचे. मोठ्या विमानतळांवर सामान वेगळे करणारी यंत्रणा अक्षरे वाचत नाही. ती हा क्रमांक वाचते आणि तो कोणत्या प्रवाशाच्या, कोणत्या विमानाच्या नोंदीशी जोडला आहे ते पाहून बॅग पुढे ढकलते. बारकोड वाचता आला नाही, तरच ती बॅग माणसासमोर येते आणि मग ठळक अक्षरे उपयोगी पडतात. आपल्या वडिलांच्या बाबतीत यंत्रणेने काहीच चूक केली नाही. दुसऱ्याचा क्रमांक वडिलांच्या बॅगेला बांधला गेला, तेथेच त्या बॅगेचा मार्ग ठरला. एकाच वेळी शेजारी-शेजारी अनेकांचे टॅग छापले जात असताना हे घडते आणि ते ओळखण्याची सर्वांत चांगली संधी बॅग पट्ट्यावरून आत सरकण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या मिनिटात असते.

त्यामुळे माझे आग्रहाचे सांगणे असे, की बॅग वजनकाट्यावर असतानाच वडिलांनी टॅगवरील आडनाव वाचावे, तीन अक्षरे पाहावीत आणि हातात मिळालेल्या पावतीवरील शेवटचे चार आकडे टॅगवरील आकड्यांशी जुळवावेत. तसेच नग चार, तर पावत्याही चारच हव्यात. दोघांच्या बॅगा एकाच नावावर नोंदवल्या गेल्या, तर ते कोणाचे नाव आहे हे विचारून ठेवावे. कर्मचाऱ्यांना यात अपमान वाटत नाही. मला तर असा प्रवासी नेहमी आवडत असे. रांग मोठी असली, तरी संकोच करू नये.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिकिटांत आहे. तिकिटे वेगवेगळी असल्यामुळे उजळाईवाडीला टॅग बहुधा एचवायडी असाच लागेल आणि तो तेव्हा बरोबरच असेल. हैदराबादला पट्ट्यावरून चारही बॅगा घेऊन त्यांना पुन्हा निर्गमनाच्या बाजूला जाऊन लंडनच्या विमानासाठी चेक-इन करावे लागेल. तेथे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाचे टर्मिनल एकच आहे, ही सोय मोठी. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असते, तर मात्र उजळाईवाडीलाच एलएचआर अक्षरे दिसायला हवी होती. तरीही काउंटरवर ‘हे सामान मला कोठे मिळेल?’ हा प्रश्न शब्दशः विचारावा. पहिल्या टप्प्याची वजनमर्यादा वेगळी असते, देशांतर्गत प्रवासात ती बहुधा १५ किलो असते, तीही पाहून ठेवा. आणि दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा, कारण पहिले विमान उशिरा पोहोचल्यास वेगळ्या तिकिटावरच्या दुसऱ्या विमानाला त्याची जबाबदारी नसते.

वकील_ताराबाई_पार्क:

वरील माहितीत कायद्याच्या बाजूने भर घालते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सहभागी झाला आणि ब्रिटनही त्याचा सदस्य आहे. चेक-इन केलेल्या प्रत्येक नगासाठी प्रवाशाला ओळखपट्टी देणे हे त्या कराराच्या कलम ३ नुसार विमान कंपनीचे कर्तव्य आहे. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला तो इवलासा स्टिकर म्हणजे आपला पुरावा आहे. बॅगा हाती येऊन घरी उघडून पाहीपर्यंत तो टाकू नये. पावतीचे छायाचित्र मोबाइलमध्ये असावे आणि ते आपल्यालाही पाठवलेले असावे.

बॅग न आल्यास विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. सामानाचे नुकसान झाले असेल, तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाले असेल, तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असे धरून दावा करता येतो. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक) इतकी आहे, म्हणून दागिने किंवा मूळ कागदपत्रे चेक-इन सामानात ठेवू नयेत. औषधे तर कधीच नाही.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या ठराव ७५३ प्रमाणे जून २०१८ पासून सदस्य कंपन्यांनी सामानाची नोंद चार ठिकाणी ठेवायची आहे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानासाठी सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. त्यामुळे तक्रार करताना ‘या क्रमांकाची शेवटची नोंद कोठे आहे?’ असे विचारावे.

राजारामपुरीची_लेक:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पावती आमच्याजवळ असूनही ती आमच्या बॅगेची नव्हती, हे मला आज खऱ्या अर्थाने समजले. वडिलांसाठी अक्षरांचा कागद तयार केला आहे, औषधे आईच्या खांद्यावरच्या पिशवीत जातील. प्रत्येक बॅगेच्या आत अगदी वर नाव, भावाचा लंडनचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवणार आहे. मागच्या वेळी बॅग सापडली ती आतल्या एका जुन्या पाकिटावर आमचा पत्ता होता म्हणून.

एवढेच राहिले: परतीच्या प्रवासाचे तिकीट भाऊ एकत्र काढणार आहे. मग लंडनला केएलएच असा टॅग लागल्यास बॅगा थेट उजळाईवाडीला घ्यायच्या का?

निवृत्त_सामान_विभाग:

नाही, येथे बरेच जण फसतात. परदेशातून येताना भारतात ज्या विमानतळावर प्रथम उतराल, तेथे सर्वसाधारणपणे बॅगा ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणीतून न्याव्या लागतात, मग टॅगवर केएलएच लिहिलेले असले तरीही. म्हणजे हैदराबादला पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, तपासणी पार करायची आणि पुढच्या विमानासाठी त्या पुन्हा सोपवायच्या. सोपवताना टॅग शाबूत आहे ना आणि त्यावर केएलएच आहे ना, हे पुन्हा पाहावे. फाटला असेल, तर नवा लावून मागावा आणि नव्या टॅगची पावतीही घ्यावी, कारण जुन्या पावतीवरील क्रमांक त्यानंतर चालणार नाही. भावाने हीथ्रोच्या काउंटरवर हैदराबादविषयी विचारून, मिळालेले उत्तर वडिलांच्या त्याच कागदावर मराठीत लिहून द्यावे.